शेत उभं आहे, खेम

प्रेक स्वायमध्ये ता खेमला ओळखत नाही असा माणूस नाही आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असाही नाही. ‘ता’ म्हणजे आजोबा. खेमला नातवंडं व्हायच्या कितीतरी आधीच गाव त्याला ता म्हणायला लागलं होतं, कारण गावच्या शर्यतीच्या नावेच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर, तो उभा राहायचा. नाळेवरच्या माणसाला तरण्याताठ्यांनी मान द्यावाच लागतो. नाही दिला तर तो भर मेकाँगमध्ये, दोन्ही काठांच्या देखत, त्यांची सालटी काढतो.

एरवी बघाल तर माणूस अगदी साधा. कमरेला लुंगी, डोक्याला चौकड्यांचा पंचा, थोडं भाताचं शेत, दोन बैल, आणि नदी फुगून अंगणात आली की जाळं. बोलणंही बेताचं. मुलगी थिदा म्हणायची, “आमचा बा वर्षाचं बोलणं साठवून ठेवतो आणि कार्तिकी पौर्णिमेला नदीवर सगळं उधळून येतो. मग घरी आम्ही खांबांशी बोलायचं.”

वल्ही मारणं हे हातांचं काम, ते कोणालाही शिकवता येतं. पण नावभर माणसांचे हात एकाच वेळी पाण्यात पडायचे तर कोणालातरी त्यांच्या मनात बसून राहावं लागतं. ते काम खेमचं. नाळेवर उकिडवं बसायचं, हातात रंगवलेलं छोटं वल्हं, गुडघ्यांवर उसळ्या घ्यायच्या, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा. “ए डावीकडचे! रात्री बायकांनी उपाशी निजवलं काय रे? हात आहेत का शेवग्याच्या शेंगा?” हे स्वतःच्या माणसांना. समोरच्यांना वेगळं. त्यांची नाव म्हणजे डुकराला पाणी पाजायचं डोणगं, त्यांच्या विहारातले कुत्रेसुद्धा दुसऱ्या गावात जेवायला जातात, वगैरे. समोरचा ललकाऱ्या तितकंच परत करणार. काठावरची माणसं शर्यतीपेक्षा ह्यासाठीच येतात असं मला नेहमी वाटत आलंय.

ह्या शिवीगाळीत एकच गोष्ट वर्ज्य. पाण्यावर माणसाचं नाव घ्यायचं नाही. गावाला काय वाट्टेल ते बोला, नावेला बोला, पण एकट्यादुकट्याचं नाव घेऊन त्याला घोळक्यातून बाहेर ओढायचं नाही. म्हातारे सांगतात, नदी एकदा ऐकलेलं नाव विसरत नाही, मग त्या नावाचा माणूस मागते. खेमला नदीचं काही माहीत नव्हतं. पण नाव घेतल्यानं माणसाचं काय होतं ते त्याला पुरतं माहीत होतं.

मिशी फुटायच्या वयात त्याला सैन्याच्या ट्रकनं उचललं आणि पार पश्चिमेला, थायलंडच्या सीमेजवळच्या एका टेकडीवर नेऊन टाकलं. टेकडीवर आठ माणसं. खालून जाणारी पायवाट राखायची, एवढंच काम. म्होरक्या पेंग एका पायानं अधू होता, आणि स्वयंपाक करायचा सारिन, नदीपलीकडच्या कोह थ्मेयचा. सारिन भारी वात्रट. कोंबडी चोरून आणायचा आणि पेंगला म्हणायचा, “म्होरके, ही शरण आलीय.” एका पातेल्यात आठ जण जेवायचे. दिवस वाईट होते, पण माणसं धड होती.

मग पलीकडच्या रानात कोणीतरी झाडावर भोंगे टांगले. दिवस मावळला की एका बाईचा आवाज यायचा, गोड, जरा चिरका. आधी सगळ्यांना मिळून बोलायची. भावांनो, घरी जा, कोणासाठी मरताय. त्यावर आठही जण हसायचे आणि तिला लग्नाची मागणी घालायचे. पुढे ती नावं घ्यायला लागली. कोणी पुरवली कोण जाणे, आधी पळालेल्यांनीच पुरवली असणार. एका संध्याकाळी एक नाव. अमक्या, तमक्याच्या मुला, तुझी बायको दुसऱ्याकडे नांदते. तमक्या, तुझी आई भीक मागते.

ज्याचं नाव यायचं तो त्या रात्री जेवायचा नाही. आणि बाकीचे त्याच्या शेजारी बसायचे नाहीत, त्याला जणू देवी आल्या होत्या. हळूहळू थट्टा बंद झाली. मग एकेक जण आपापल्या पत्र्याच्या डब्यात वेगळं शिजवून खाऊ लागला. मोठ्या पातेल्यात भात अर्धाच लागे. एक गोळी सुटली नव्हती, एक माणूस मेला नव्हता, आणि तरी ती तुकडी संपली होती. माणसाचं अवसान गळतं ते घाबरून नाही, एकटं पडून. खेमनं हे डोळ्यांनी पाहिलं, आणि मग त्याचीच पाळी आली.

“खेम, प्रेक स्वायच्या नोयच्या मुला. तुझं शेत पिकून उभं आहे. कापणार कोण?”

बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पातेलं चुलीवर होतं, सारिन चुलीपाशी दिसत नव्हता, लाकडं आणायला गेला असेल. खेमनं बंदूक खांबाला टेकवली, परसाकडे जातो असं दाखवलं आणि पळाला. सात जणांना मागे टाकून पळाला. रानातून, ओढ्यातून, कित्येक दिवस चालत घरी आला. सैन्यानं त्याला शोधलं नाही, कारण कोणाकोणाला शोधायचं ह्याचा सैन्यालाच तेव्हा पत्ता नव्हता. पुढे बातमी आली की ती टेकडी शेवटपर्यंत पडली नाही. गावानं आपले दोन आणि दोन चार केले. आमचा खेम टेकडीवर होता, टेकडी पडली नाही, म्हणजे आमच्या खेमनं राखली. खेम आधी लाजेनं गप्प बसला, मग गप्प बसल्याच्या लाजेनं आणखी गप्प बसला. म्हणून तर त्याला नाळेवर उभं केलं. टेकडी राखणारा माणूस नाळेवर आहे म्हटल्यावर पोरांच्या दंडात बळ यायचं.

सारिनही जिवंत परतला आणि कालांतरानं कोह थ्मेयच्या नाळेवर उभा राहिला. वर्षानुवर्षं दोघं पाण्यावरून एकमेकांच्या गावांचा उद्धार करत आले, पण जमिनीवर समोरासमोर आले की एक मासळी बघायला लागायचा आणि दुसरा आभाळ. सारिनला माहीत होतं. तो त्या सातांतला होता. आज ना उद्या तो बोलणार, हे भय खेमच्या पोटात कायम बसलेलं होतं.

ह्या वर्षी गोष्टी मुळातच वाईट होत्या. विहाराचे कारभारी प्रुम महिनाभर आधीच घरोघर सांगून गेले होते. गावात वल्हेकरी उरले नाहीत. कोणी थायलंडात गवंडी, कोणी नॉम पेन्हला कारखान्यात. अर्ध्या फळ्या रिकाम्या ठेवून शर्यत लढवायची तर नाव वरच्या गावाला देऊन टाकावी, तिथे माणसं आहेत. “पहिल्या दिवसाअखेर शर्यतीत टिकलो तर नाव राहील,” प्रुम म्हणाले. “बाद झालो तर माझ्याकडे बघू नका.” दोनदा हरलं की बाद, असा नियम. नाव खेमच्या बापाच्या पिढीनं एका अखंड खोडातून कोरलेली. पण खोडाचं सोडा. पोरं वर्षातून एकदा गावी यायची ती ह्या नावेसाठी. नाव गेली की कार्तिकात गाव म्हाताऱ्यांचं आणि कुत्र्यांचं होणार, हे सगळ्यांना कळत होतं.

सकाळची पहिली शर्यत कोह थ्मेयशीच निघाली. दोन्ही नावा दोराला टेकून उभ्या होत्या. खेमनं घसा साफ केला, त्यांच्या नावेकडे बघून काहीतरी तिखट बोलणार, तोच पलीकडे सारिननं हातात एक भोंगा धरला. भाजीवाले गाडीवरून ओरडतात तसला, सेलवरचा. मुलानं शहरातून आणून दिला असावा. खरखर झाली आणि पाण्यावरून आवाज आला.

“खेम, नोयच्या मुला! तुझं शेत पिकून उभं आहे! कापणार कोण?”

काठावर लोक हसले. कापणीचे दिवस, त्यांना वाटलं असेल म्हातारा शेतावरून चिडवतोय. नाव घेतलं म्हणून एकदोन म्हातारे कुरकुरले, तेवढंच. नगारा वाजला, दोर सुटला, नावभर पाठी खेमच्या पहिल्या हाकेची वाट बघत वाकल्या, आणि खेमच्या तोंडून शब्द फुटला नाही. गुडघे उसळत होते ते सवयीनं. मागे वल्ही एकमेकांवर आपटायला लागली, कोणीतरी ओरडलं, “ता! अहो ता!” आणि कोह थ्मेयची नाव पुढे निघून गेली.

दुपारी वल्हेकरी काठावरच्या चिंचेखाली बसले होते. एरवी हरल्यावरसुद्धा तिथे दंगा असतो, एकमेकांचे घास पळवतात. आज प्रत्येकानं आपापला डबा उघडला आणि आपापल्या डब्यात बघत जेवला. मोठं मासळीचं कालवण मधोमध तसंच राहिलं. खेमच्या ते लगेच लक्षात आलं. एवढं त्याला ओळखू येत नसतं तर बरं झालं असतं.

“नावेतली बाई रुसलीय,” कोणीतरी म्हणालं. प्रत्येक नावेत एक बाई राहते, नाळेला डोळे रंगवतात ते तिचेच. तिला सुपारी, दारू, डुकराचं मुंडकं वाहून मगच नाव पाण्यात घालतात.

“रुसायला काय, कारण घडलंच आहे,” दुसरा म्हणाला आणि मोबाइल पुढे केला. त्यात विसालची बायको होती. विसाल थायलंडात गवंडीकाम करायचा, तिथलीच मुलगी केली होती, आणि यंदा पहिल्यांदाच तिला घेऊन आला होता. आदल्या दिवशी ती हौसेनं नाळेवर चढून, दोन बोटं वर करून फोटो काढून घेत होती. बाईमाणसानं नाळ ओलांडायची नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. विसालला ठाऊक होतं, पण नव्या बायकोला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं असणार.

“तिला माहीत नव्हतं हो,” विसाल म्हणाला.

“तुला होतं ना? का तिकडच्या सिमेंटमध्ये अक्कल कालवून आलास?”

“तिकडे जाऊन बाटला तो.”

“मी उतरतो मग खाली. करा माझ्याविना.”

“उतर. जा. आधीच माणसं कमी, त्यात हे.”

प्रुम कारभारी मध्ये पडले. म्हणाले, “उतरू नका कोणी, माणसं नाहीत. विसाल, तू शेवटच्या फळीवर बस, नाळेपासून लांब. आणि काही बोलू नकोस.” विसाल मान खाली घालून गेला. त्याची बायको लांब उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी होती. तिला भाषा येत नव्हती, पण आपल्यामुळे काहीतरी बिनसलंय एवढं तिला नक्की कळलं होतं. तिनं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या होत्या, का ते तिचं तिलाच ठाऊक.

खेम हे सगळं ऐकत बसला होता. बाई रुसली नव्हती. चूक विसालची नव्हती, त्याच्या बायकोची तर नव्हतीच. गप्प झाला होता तो नाळेवरचा माणूस. उठून एक वाक्य बोललं असतं तर पोर सुटला असता. खेम दोनदा उठायला गेला आणि दोनदा पंचा नीट करून परत बसला. ही गोष्ट त्याला शोभली नाही, आणि मला ती झाकायची नाही.

थिदा उखळातले पोहे घेऊन आली. ती नॉम पेन्हला कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला होती, सणापुरती आलेली. बापाजवळ बसली. “बा, सकाळी काय झालं तुला?”

“घसा बसला.”

“घसा नाही बसला. मला माहितीय तसला चेहरा. आमच्याकडे फळा आहे, त्यावर जिचं काम सगळ्यात मागे तिचं नाव लाल खडूनं लिहितात. माझं लागलं होतं एकदा. दिवसभर शेजारची पोरगी बोलली नाही माझ्याशी. संडासात जाऊन रडले. वाटलं, पडावं इथून बाहेर.”

“मग?”

“मग काय, कोपऱ्यात एक म्हातारी असते बटणं लावायला. ती सगळ्यांसमोर ओरडली, ‘काय ग, माझी जागा घेतलीस होय? गेला आठवडाभर तिथे मी होते!’ सगळ्या हसल्या. झालं.” थिदानं मूठभर पोहे त्याच्या हातावर ठेवले. “खा. आणि घसा बसला असं मला नको सांगूस.”

खेमनं पोहे तोंडात टाकले.

दुपारच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि पुन्हा समोर कोह थ्मेय आली. ही हरली की नाव वरच्या गावाला. प्रुम कारभारी काठावर उभे राहिले तेव्हा त्यांच्या शेजारी वरच्या गावचे दोन पुढारी होते, नाव बघायलाच आलेले. खेम नाळेवर चढला. रंगवलेल्या डोळ्यांच्या बरोबर मागे त्याची बसायची जागा. मागे वळून त्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. जो तो पाण्यात बघत होता. सगळ्यात शेवटी, सुकाणूवाल्यांच्या पुढ्यात, विसाल एकटा बसला होता, कारण त्याच्या शेजारी बसायला कोणी तयार नव्हतं.

नगारा वाजला. दोर सुटला.

“ओढाss!” खेमची हाक निघाली, पण आतून पोकळ. तरी हात हलले, नाव निघाली. पहिल्या काही दमात दोन्ही नाळा बरोबरीनं होत्या. खेमचे कान मात्र पलीकडे लागले होते. येणार, आता येणार. आणि आलाच. आधी खरखर, मग आवाज.

“प्रेक स्वायवाल्यांनो! तुमचा खेम टेकडी राखणारा म्हणता ना? पळाला होता तो! बंदूक टाकून पळाला! ओढ्यातून पळताना मी बघितला!”

पाण्यावरून आवाज लांबवर जातो. खेमच्या पाठीमागे एक वल्हं चुकलं, मग दुसरं, मग डावी बाजू पुरती विस्कटली. त्याला मागे वळून बघायची गरज नव्हती. त्याला पाठीवर कळत होतं. पस्तीस वर्षं ज्या क्षणाला तो भीत होता तो हा, आणि तो आल्यावर त्याच्या डोक्यात फक्त एवढंच आलं की आता उडी मारावी पाण्यात. कोह थ्मेयची नाळ एका माणसाच्या उंचीनं पुढे गेली.

तेव्हा शेपटाकडून आवाज आला. हाक नेहमी नाळेवरून मागे जाते. मागून पुढे येत नाही. पण ती आली, सगळ्या फळ्यांवरून, विसालची.

“ओ भोंगेवाले ताss! तुम्ही कुठून बघत होता? त्याच्या पुढं होता का मागं?”

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग काठावर कुठेतरी एक बाई खिदळली, आणि मग अख्खा काठ फुटला. नावेतही कोणीतरी फस्सकन हसलं. पुढच्या फळीवरचा दुसरा ओरडला, “पुढं असणार! म्हणून तर आत्ता पुढं आहे!” हशा फळीफळीनं नाळेपर्यंत आला, आणि त्याबरोबर वल्हीही. खेमला मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. त्याला फक्त एवढं कळलं की त्याच्या पाठीवरचा भार गेलाय. त्याला हसू आलं, रडूही आलं, आणि त्या दोन्हींच्या मधून त्याचा जुना आवाज निघाला.

“पळालो रे पळालो! हो, पळालो! आता तुम्ही पळा, गाढवांनो!”

“पळ, ता!” विसाल ओरडला.

“पळ!” वल्ही पाण्यात पडली.

“पळ, ता!”

“पळ!”

ह्या तालावर कोणी कधी नाव वल्हवली नसेल. पण रिकाम्या फळ्यांची ती जुनी नाव अशी उठली की खेमला दोन्ही हातांनी नाळेच्या कडा पकडाव्या लागल्या. पलीकडे भोंगा अजून काहीतरी खरखरत होता, पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. मग तो थांबला. खेमनं तिरक्या नजरेनं पाहिलं. सारिन नाळेवर बसला होता, भोंगा मांडीवर, आणि त्याच्या मागची माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. त्यांची वल्ही एकेक करून सुटी होत होती. प्रेक स्वायची नाळ निशाणाच्या काठीला हातभर आधी लागली.

त्यानंतर काठावर जे व्हायचं ते झालं. विसालला खांद्यावर घेतलं. त्याच्या बायकोला भाषा न येताही तिघा म्हाताऱ्यांनी समजावून सांगितलं की नावेतल्या बाईला तिचा फोटो फार आवडला, म्हणूनच ती पावली. दुपारी हेच तिघे उलटं बोलत होते. प्रुम कारभाऱ्यांनी वरच्या गावच्या पुढाऱ्यांना रस पाजून वाटेला लावलं. कोणी खेमच्या पाठीत थाप मारून जायचा, “काय पळपुटे ता!” आणि खेम त्याला शिवी द्यायचा. ते नाव आता त्याला मरेपर्यंत चिकटलं होतं. गंमत अशी की ते त्याला हलकं वाटत होतं. तो विसालपाशी गेला आणि म्हणाला, “दुपारी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो.”

“जाऊ द्या हो ता,” विसाल म्हणाला. “उद्या नाळेजवळ घ्या मला, पुढच्या फळीत.”

“घेतो. पण तोंड बंद ठेवायचं, तिथे बोलायला मी आहे.”

दिवस कलला तेव्हा कोह थ्मेयची माणसं आपापलं सामान उचलून पांगत होती. सारिन एकटाच नावेजवळ चिखलात बसला होता. भोंगा शेजारी पडला होता. खेमनं त्याचा चेहरा पाहिला आणि त्याला मघाची सगळी मजा जागच्या जागी कडू झाली, कारण तो चेहरा त्याचाच होता, सकाळचा. तो थिदाकडून पोहे आणि केळं घेऊन गेला आणि सारिनच्या शेजारी बसला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

“खा,” खेम म्हणाला.

“नको.”

“खा रे. सकाळपासून त्या भोंग्यात फुंकतोयस, पोटात वारा भरला असेल.”

सारिन हसला नाही, पण त्यानं केळं घेतलं. बराच वेळ ते सोलत बसला. “मी पुढंच होतो,” तो म्हणाला. “पोरानं बरोबर ओळखलं. त्या संध्याकाळी तुझ्या आधी मी पळालो होतो. ओढ्याजवळच्या बांबूत लपलो होतो, तू जाताना पाहिलं तुला.”

आत्ता खेमला उलगडलं. चुलीपाशी सारिन नव्हता तो लाकडं आणायला गेला नव्हता तर.

“मग भूक लागली,” सारिन म्हणाला. “पातेलं चुलीवर होतं. म्हटलं, भात तरी खाऊन जाऊ. शिवीगाळ ऐकून घेऊ पेंगची. परत गेलो वर. भात करपला होता. आणि टेकडीवर कोणी नव्हतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणी नव्हतं. पेंग नाही, बाकीचे पाच नाहीत. बंदुका सगळ्या खांबाला टेकवलेल्या, ओळीनं. तू गेलास, मी गेलो, आणि आपल्या आजूबाजूनं प्रत्येक जण एकेकटा गेला. पेंगसुद्धा, त्या पायानं.” त्यानं केळ्याचा तुकडा मोडला. “करपलेला भात खरवडून खाल्ला. मग खाली जायची हिंमत होईना, अंधार झाला होता. ती बाई बोलायला लागली. नावं घेत होती, एकेकाचं. तुझं घेतलं, पेंगचं घेतलं. मी एकटा ऐकत होतो. सकाळी आपली दुसरी तुकडी आली तोवर मी तिथेच होतो. त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही की बाकीचे कुठे आहेत.”

नदीवर पणत्यांचे तराफे सोडायची तयारी चालली होती. थिदा लांबून बापाला हाका मारत होती.

“टेकडी राखली ती मी,” सारिन म्हणाला. त्याचा आवाज आता बिनभोंग्याचा होता आणि फार बारीक होता. “तुझ्या गावात तुला म्हणतात ते. इतकी वर्षं ऐकतोय मी पाण्यावरून. तुझी पोरं ओरडतात, टेकडीवाला ता, टेकडीवाला ता. सहन नाही झालं मला, खेम. माझी माणसं मला काय म्हणतात माहितीय? स्वयंपाकी.”

खेमनं हात पुसले. सात माणसांना मागे टाकून आल्याचं ओझं त्यानं पस्तीस वर्षं वाहिलं होतं, आणि तिथे सात माणसं नव्हतीच. होता तो एक, भुकेला, परत आलेला. ह्यावर हसावं की रडावं ते त्याला कळेना. त्यानं चिखलातला भोंगा उचलला, लुंगीनं पुसला आणि खटका कुठे आहे ते चाचपून दाबला. खरखर झाली. तो उभा राहिला. पाण्यावर माणसाचं नाव घ्यायचं नाही, हे जन्मभर पाळलेलं त्यानं त्या संध्याकाळी मोडलं.

“सारिन!” भोंगा दोन्ही काठांना ऐकू जाईल असा कडाडला. “कोह थ्मेयचा सारिन! टेकडी ह्यानं राखली! आम्ही सगळे पळालो, आणि हा एकटा परत गेला! ऐका रे सगळ्यांनी! सारिन!”

काठावरची माणसं वळून बघायला लागली. कोह थ्मेयचे दोनचार जण सामान खाली ठेवून थांबले. त्यांतला एक ह्या दोघांच्या दिशेनं चालत यायला लागला. सारिनचा चेहरा वेडावाकडा झाला होता, त्यानं खेमची लुंगी धरून ओढली.

“पुरे रे,” तो म्हणाला. “बंद कर ते. सेल उतरतील.”